हळू गाडीचा खेळ

मृग लागला की माझ्या गॅरेजचं निम्मं काम गॅरेजबाहेर जातं. मुडबीतून कुठल्याही दिशेला निघा, डांबर सोडून पांदणीला लागलं की चाकाखाली काळी माती येते. बसवकल्याण तालुक्याचं हे टोक आणि पलीकडं कलबुर्गी जिल्ह्याची हद्द, दोन्हीकडं तुरीचं रान. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पाऊस झाला की तीच माती फुगून येते आणि चाक धरून ठेवते. मग फोन वाजतो, "अण्णा, गाडी बसली बघा. दोर घेऊन या." कधी खताची पिकअप असते, कधी पाहुण्यांनी भरलेली बोलेरो, कधी आजारी माणसाला हुमनाबादच्या दवाखान्यात घेऊन निघालेली ओम्नी.

ही कामं करता करता एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. गाडी रुतली की बहुतेक माणसं अ‍ॅक्सिलेटर दाबतात. चाक जागेवर घुमतं, खाली खड्डा करतं, टायरची नक्षी चिखलानं भरून गुळगुळीत होते आणि शेवटी गाडीचं पोट मातीला टेकतं. आणि त्याच पांदणीतून, त्याच पावसात, एखादा म्हातारा शेतकरी जुनी मारुती आठशे घेऊन सावकाश निघून जातो. त्याच्या गाडीला चार चाकांची ताकद नसते, टायरही झिजलेले असतात. पण तो आधी खाली उतरलेला असतो. काठीनं माती टोचून बघतो, कुठं मुरूम वर आलाय ते हेरतो, मग एकाच चालीनं, पाय न हलवता गाडी काढतो. हे कसब मी लहानपणापासून पाहत आलो. त्याचा जगात रीतसर खेळ आहे, नियम आहेत, बक्षिसं आहेत, हे मला पुण्याला गेल्यावर कळलं.

आयटीआय करून मी पुण्याला गेलो आणि रॅलीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजात लागलो. ते दिवस मला फार शिकवून गेले. स्पर्धेच्या वेळी आम्ही सर्व्हिसला जायचो. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा रात्र रात्र गिअरबॉक्स उतरवलेत. गाडी धुळीतून येऊन उभी राहायची, ठरलेली मिनिटं मिळायची, तेवढ्यात जे करायचं ते करायचं. पुण्याच्या संजय टकले यांच्यासारखा आपला माणूस डाकारच्या वाळवंटापर्यंत पोचला, 2019 मध्ये गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि रॅलीला तो मान पहिल्यांदाच लाभला, याचा आम्हा मेकॅनिक लोकांना आजही अभिमान वाटतो. पण त्या खेळाचा खर्च मी स्वतःच्या हातानं गाड्यांत बसवलेला आहे. आतून पोलादी पिंजरा, खास सीट, पट्टे, आग विझवायची यंत्रणा, मान्यताप्राप्त हेल्मेट आणि कपडे. गाडी त्यानंतर विकत घ्यायची. एका दगडानं सस्पेन्शन गेलं की आमच्याकडच्या एखाद्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न गेलं.

दुसरं जग फोर-बाय-फोरचं. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. चिखलाच्या नाल्यातून विंच लावून गाड्या वर ओढतात. इगतपुरीला महिंद्रांची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे. ते पाहताना माणूस हरखून जातो. तरी माझ्या मनात एकच यायचं, मुडबीच्या पोराकडं असते ती बापाची आठशे, नाहीतर भाजी वाहणारी ओम्नी. त्यानं कुठं जायचं?

उत्तर एका गिऱ्हाइकाकडून मिळालं. हे गृहस्थ मूळचे आपल्याकडचेच, नोकरीमुळं बरीच वर्षं इंग्लंडात डेव्हन परगण्यात राहून परत आलेले. जुन्या गाडीचं काम करून घ्यायला आमच्याकडं यायचे. त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. जानेवारीची थंडी, ओल्या झाडीतला दगडी चढ, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी आणि मधून एक साधी छोटी मोटार धापा टाकत वर चाललेली. वेग माणसाच्या चालीएवढा. चढाच्या मध्यावर मागची चाकं घुमली, गाडी थांबली आणि सगळ्या गर्दीनं हळहळून सुस्कारा सोडला. तो सिम्सचा चढ. लंडनच्या मोटरसायकलिंग क्लबाची एक्झिटर ट्रायल त्यावरून जाते. क्लब 1901 चा. त्यांची एडिंबरा ट्रायल 1904 पासून, लँड्स एंड 1908 पासून आणि एक्झिटर 1910 पासून चालत आलेली आहे. नावाला मोटरसायकलचा क्लब, पण मोटारीही तितक्याच उतरतात. तिथं पहिला, दुसरा, तिसरा असं नसतं. सगळे चढ न थांबता पार केले तर सुवर्ण, एक चुकला तर रौप्य, दोन चुकले तर कांस्य. पन्नास जणांनी केलं तर पन्नास जणांना सुवर्ण.

त्यांनी आणखी एक प्रकार सांगितला तो मला अधिक जवळचा वाटला. एखाद्या शेतकऱ्याचं डोंगरउताराचं कुरण घ्यायचं, त्यावर काठ्यांच्या जोड्या रोवून वळणावळणाची वाट आखायची. प्रत्येक जोडी म्हणजे एक दार. खालच्या दाराला बारा नंबर, वर जाताना अकरा, दहा असे उतरत एकपर्यंत. गाडी जिथं थांबेल, मागं सरकेल किंवा काठीला लागेल त्या दाराचा आकडा तुमच्या नावावर दंड. वरपर्यंत गेलात तर शून्य. दिवसाअखेरी ज्याचा दंड कमी तो जिंकला. गाडी रोजच्या वापराची. सोमवारी तीच घेऊन माणूस कामावर जातो.

आपल्या देशाला ट्रायल नवी आहे असंही नाही. 1904 च्या डिसेंबरात दिल्ली ते मुंबई मोटारींची ट्रायल झाली होती. मोटारी इथल्या वाटांवर टिकतात का, हे त्यात पाहायचं होतं. पुढं आपण वेगाच्या मागं लागलो आणि गाडीला व माणसाला तपासून पाहण्याची ती रीत मागं पडली.

गावाकडं परत आलो, स्वतःचं गॅरेज टाकलं आणि मग हा विचार स्वस्थ बसू देईना. आमच्या शिवारात घरचा एक माळाचा तुकडा आहे. वर मुरूम, मध्ये तांबूस माती, खाली ओढ्याकडं काळी. पेरणीला तो कधीच धड उपयोगी पडला नाही. या खेळाला मात्र देवानंच आखून दिल्यासारखी जमीन, एका चढात तीन प्रकारची माती. मित्रांना बोलावलं. कोणी ट्रॅक्टरवाला, कोणी किराणा दुकानदार, एक बसवकल्याणहून रोज स्वतःची आठशे चालवत येणाऱ्या शाळेच्या बाई. काठ्यांऐवजी तुराट्या रोवल्या. याहून चांगली खूण मला अजून सापडलेली नाही. घरोघरी फुकट मिळते आणि गाडी नुसती घासली तरी कडकन मोडते. लागली की नाही लागली, हा वादच राहत नाही. ऑइलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर आकडे रंगवले आणि वाटेच्या कडेला चुन्याची फक्की मारली.

त्याआधी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमीन फिरून बघितली. अप्पांना खेळात रस नव्हता, जमिनीत होता. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आज आमच्या नियमांत सगळ्यात वर आहेत. पहिली, "खाली हीर हाय का बघ." आमच्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो. चढावर बंद पडलेली गाडी मागं गडगडत येते तेव्हा तिच्या रेषेत विहीर, खोल चर किंवा पाण्याच्या मोटारीची वायर असता कामा नये. दुसरी, तुरीची धसकटं. तूर काढल्यावर जमिनीत राहिलेला खुंट तासलेल्या खुंटीसारखा असतो आणि ट्रॅक्टरच्या टायरलाही भोक पाडतो. म्हणून तुरीच्या रानात रोटाव्हेटर फिरल्याशिवाय गाडी घालायची नाही. पेरणीच्या रानात तर घालायचीच नाही. चाकानं माती दबली की पुढचं पीक बोलतं.

कधी खेळायचं तेही अप्पांच्याच मुठीनं ठरतं. वळवाचा पाऊस झाला की ते माती उचलून मुठीत दाबतात आणि बोटानं टोचतात. गोळा होऊन चिकटून राहिला तर अजून ओल जास्त. दाबल्यावर गोळा झाला आणि टोचल्यावर भुरभुरला, तर वाफसा आला. पेरणीची ही परीक्षा गाडीलाही तंतोतंत लागू पडते. वाफशाच्या मातीवर टायरला पकड मिळते, पण चूक माफ होत नाही. चढ कठीणही राहतो आणि जमण्याजोगाही. वाफसा येण्याआधी खेळलात तर सगळेच बारा नंबरला अडकतात, पूर्ण वाळल्यावर खेळलात तर सगळेच वर जातात.

शाळेच्या बाईंची एक फेरी मी जवळून पाहिली. त्या आधी चालत वर गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. सहा नंबरच्या दाराशी वाट डावीकडं वळते आणि तिथंच तांबूस माती संपून मुरूम लागतो. त्यांनी तिथं चपलेच्या टाचेनं दोन खुणा केल्या. गाडीत बसल्यावर पट्टा लावला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि त्यानंतर क्लचला पाय लावलाच नाही. नवा माणूस अर्धा क्लच दाबून जोर घेत बसतो. त्यात चाकाला झटके बसतात आणि माती तुटते. बाईंची गाडी एका सुरात चालली होती. सातव्या दारापाशी पुढचं उजवं चाक घुमायला लागलं. दुसऱ्या कुणी गॅस वाढवला असता. त्यांनी किंचित कमी केला, स्टिअरिंग डावी-उजवीकडं थोडं थोडं हलवलं, टायरच्या कडांनी नवी माती धरली, पुढची चाकं टाचेच्या खुणांवरून मुरमावर गेली आणि गाडी वर. खाली उभा असलेला ट्रॅक्टरवाला, जो जत्रेत ट्रॉली उलटी चालवायच्या स्पर्धेत नावाजलेला आहे, तो म्हणाला, "बाई, ते स्टिअरिंगचं मला बी शिकवा."

इथं यंत्राचं थोडं सांगायला हवं, कारण नवख्याचा निम्मा गोंधळ त्यानं मिटतो. साध्या गाडीच्या डिफरन्शियलची रीत अशी की ज्या चाकाला कमी पकड, ते मोकळं फिरतं आणि दुसऱ्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो. गॅरेजात मी पोरांना दाखवतो. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीचं एक मागचं चाक जॅकवर उचलायचं, गिअर टाकायचा. उचललेलं चाक गरगर फिरतं, जमिनीवरचं ढिम्म राहतं. म्हणून चढावर वाट निवडताना दोन्ही ओढणारी चाकं सारख्या मातीवर राहतील अशी निवडायची. ओम्नीसारख्या मागून ओढणाऱ्या गाडीत हँडब्रेक अगदी थोडा उचलला तर घुमणाऱ्या चाकाला अडसर होतो आणि दुसऱ्या चाकाला जोर जातो. पुढून ओढणाऱ्या आठशेला ही युक्ती चालत नाही, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो.

आणि ओम्नीला कमी लेखू नका. सपाट चिखलात रिकामी ओम्नी लवकर फसते, कारण इंजिन पुढच्या सीटखाली आणि मागं काहीच वजन नाही. पण चढाला लागली की वजन मागं सरकतं, मागे बसलेला सोबती चाकावर भार देतो आणि ती आठशेला मागं टाकते. दोघींचं इंजिन तेच, 796 सीसीचं. आठशेचं उलट होतं. चढावर पुढची, ओढणारी चाकंच हलकी पडतात. चिखलाच्या चढावर आठशे उलटी घेऊन जाणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. त्यामागचं कारण हेच. ट्रायलमध्ये मात्र तोंड पुढं करूनच जावं लागतं.

टायरची हवा कमी करणं ही दुसरी मोठी गोष्ट. रस्त्यावर तीसच्या आसपास असते ती आम्ही अठरा-वीसवर आणतो. टायर जमिनीवर पसरतं, पकड वाढते. त्याखाली नवख्यानं जाऊ नये. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतं, आणि ट्यूबचं असेल तर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून येतो. घरी निघायच्या आधी हवा परत भरायची. कमी हवेच्या टायरनं डांबरावर वेगानं जाणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्याकडं माळाच्या फाटकाशी पंप ठेवलेला असतो आणि हवा तपासल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

हे सगळं ऐकून पोरं विचारतात, रस्त्यावर सराव केला तर? अजिबात नको. मोटार वाहन कायदा 1988, कलम 189. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. आमचा खेळ वेगाचा नाही हे खरं, पण पांदण सगळ्यांची असते आणि तिथून शाळेची पोरं जातात. खेळ खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, तोच बरा.

विम्याचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्या खासगी गाडीची पॉलिसी काढून वापराच्या मर्यादा वाचा. भाड्यानं देणं, शर्यत, वेग-चाचणी यांच्या रांगेतच रिलायबिलिटी ट्रायल हे शब्द छापलेले असतात. म्हणजे अशा खेळात गाडीचं नुकसान झालं तर कंपनी देणं लागत नाही. जी गाडी गमावली तर घर बसेल ती गाडी या खेळात आणू नका. आमच्याकडं येतात त्या गाड्या जुन्या, कर्ज फिटलेल्या. मारुतीनं आठशे बनवणं 2014 मध्ये बंद केलं, तरी आमच्या भागात त्या अजून भरपूर धावतात, सुटे भाग मिळतात आणि दोन माणसं धक्का देऊन ती हलवू शकतात. शिकायला याहून चांगली गाडी नाही.

नियम मी कडक ठेवले आहेत आणि त्यावरून मित्रांशी वाजलंही आहे. लायसन्स असलेलाच माणूस चालवणार. पट्टा आणि हेल्मेट, चालवणाऱ्याला आणि सोबत्यालाही. उतार आडवा कापायची वाट नाही, कारण गाडी आडवी झाली की उलटते. चढ सरळ तोंडानंच. बघे चढाच्या वर किंवा बाजूला, खाली कोणी नाही. पुढं-मागं दोर बांधायला पक्का हूक असल्याशिवाय गाडी चढावर येणार नाही. एक गाडी वर गेल्यावर दुसरी. दारू घेतलेल्याला फाटकातूनच परत. एका चांगल्या मित्राला मी असं परत पाठवलंय आणि पुढच्या वेळी तोच तुराट्या रोवायला सगळ्यांच्या आधी आला.

कारहुणवीच्या सणाला आमच्याकडं बैल पळवतात. शंकरपटावरची बंदी, कोर्टकचेरी, मग 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं दिलेला निकाल, हे सगळं आमच्या माणसांनी जीव मुठीत धरून पाहिलं. जनावर आणि जमीन ओळखणारी ही माणसं आहेत. त्यांचीच पोरं आज चाकण आणि हैदराबादला गाड्या जोडतात, ट्रक चालवतात, आणि सुट्टीला गावी येतात तेव्हा राष्ट्रीय महामार्ग 65 वर मोटरसायकली पळवतात. सस्तापूर बंगल्यापासून हुमनाबादपर्यंतच्या त्या रस्त्यावरून अपघाताच्या गाड्या मी ओढून आणल्या आहेत. वेगाची ओढ उपदेशानं जात नाही. तिला काहीतरी अधिक अवघड समोर ठेवावं लागतं. महामार्गावर शंभरानं जाणारा पोरगा आमच्या माळावर आठ नंबरला अडकतो, उतरतो, माती बघतो, पुन्हा प्रयत्न करतो. संध्याकाळपर्यंत तो तिथून हलत नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक ऑफ-रोड स्पर्धा चार चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या आहेत. माझी मागणी साधी आहे. देशातल्या मोटारखेळांची सूत्रं एफएमएससीआय या महासंघाकडं आहेत. त्याला जोडलेल्या कर्नाटक-महाराष्ट्रातल्या क्लबांनी साध्या, दोन चाकं ओढणाऱ्या, रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी हळू ट्रायलचा एक वर्ग सुरू करावा. प्रवेश फी शेतकऱ्याच्या पोराला परवडेल एवढी ठेवावी आणि जागा शहराबाहेर, जिल्ह्यांच्या गावी घ्यावी. बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात नापीक माळांना तोटा नाही. आणि ज्यांच्या घरी अशी जमीन व जुनी गाडी आहे त्यांनी क्लबाची वाट पाहत बसू नये. विहीर बघा, धसकटं काढा, चार तुराट्या रोवा. पहिल्या दिवशी चारच दारं ठेवा. आखणीत अडलात तर मुडबीला या, माळ दाखवीन.